लुसेराचा डोंगर

आताकामाच्या वाळवंटातल्या आमच्या सोऱ्याच्या खाणीवर, दुकानात पाव यायला त्या दिवशी उशीर होता. रांगेत माझ्यापुढे खेचरवाल्या इलारिओनची बायको एदुविहेस आणि धोबीण फिलोमेना उभ्या होत्या.

"छापून आला म्हणे इंजिनिअरसाहेबांचा नकाशा?"

"आला. कचेरीत भिंतीवर लावलाय. आमच्या ह्यांना अक्षर येत नाही, पण बोट ठेवून घडाघडा वाचला. रेषा दाट झाल्या की म्हणायचे, इथे खेचरं धापा टाकतात."

"आणि खरंच टाकतात?"

"अगदी तिथेच! तीन वर्षं तो साहेब ह्यांना नि खेचरांना घेऊन उन्हात हिंडला, फिलोमेना. स्वतः चढल्याशिवाय एक डोंगर कागदावर काढला नाही."

"डोंगरांना नावं कुणाची दिली? मंत्र्यांची?"

"छे! मॅनेजरने आपल्या सासऱ्याचं सुचवलं होतं. साहेब म्हणाले, सासरेबुवा चढले होते का वर?"

"अगं बाई! मग तुझ्या नवऱ्याचं तरी?"

"सगळ्यात उंच डोंगराला काय म्हणू, म्हणून साहेबांनी ह्यांनाच विचारलं. हे म्हणाले, लुसेरा."

"लुसेरा? तुमचं खेचर?"

"साहेबांची दुर्बीण वाहून नेताना तिथेच कोसळली ती. सव्वीस वर्षं रांधून घातलं मी, आणि डोंगर मिळाला खेचराला!"

"भांडली नाहीस?"

"भांडले की. तर म्हणाले, तू घरी आहेस. ती एकटी वर राहिलीय. कुठे आहे, ते कुणाला तरी कळायला नको?"