कोणी उचलायचं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रहिवासी मंडळाचा आधार असलेले माननीय मार्तंडराव, गोराईहून मुद्दाम आलेले ॲग्नेसबाईंचे बंधू श्री. ज्युलियस, आजच्या सत्कारमूर्ती ॲग्नेसबाई, समोर बसलेली वडीलधारी मंडळी, माझ्या शेजारणींनो, आणि मघापासून बटाटेवड्यांच्या परातीवर नजर ठेवून असलेल्या बाळगोपाळांनो,

मी सुलक्षणा परब. मला भाषण येत नाही. मार्तंडराव म्हणाले, "वहिनी, भिंतीला भिंत लागून शेजार तुमचा, तेव्हा दोन शब्द तुम्हीच बोला." नळावर मी बोलायला लागले की हेच मार्तंडराव म्हणतात, "वहिनी, आवरा आता!" असो. आज माईक माझ्या हातात आहे.

ॲग्नेसबाई शिलाईचं काम बंद करून उद्या भावाकडे राहायला चालल्या आहेत. आपल्या बोरिवलीतल्या किती मुलींनी त्यांच्या हातचे फ्रॉक घातले, ते अध्यक्षांनी सांगितलंच. मी फक्त माझ्या शकुबद्दल बोलणार आहे. इथे बऱ्याच नवीन बिऱ्हाडांना ती गोष्ट ठाऊक नाही.

शकु झाली तेव्हा आपल्या गॅलरीत दुसरं तान्हं मूल नव्हतं. त्यामुळे ती सगळ्यांची झाली. माझ्या कडेवरून निघाली की रुक्मिणीमावशींकडे, तिथून काशीरामभाऊंच्या खांद्यावर, आणि दुपारभर ॲग्नेसबाईंच्या मांडीवर. बाई मशीन चालवायच्या, मांडी हलायची, शकु झोपायची. खाली तिला कोणी ठेवायचंच नाही. माझ्याकडे खाली स्टो पेटलेला. मावशी म्हणायच्या, "फरशी थंड आसा, पोराक बाधात." काशीरामभाऊंच्या दारात नळाचं पाणी सांडलेलं. आणि बाईंच्या खोलीत सगळीकडे टाचण्या. शिवाय आपल्यात मूल जमिनीवर दिसलं की येणारा-जाणारा विचारतो ना, "अगं, हिला घ्यायला घरात कुणी नाही का?"

वर्षाचा वाढदिवस झाला. नंतर दिवाळी गेली. शकु उभी राहीना. पायावर धरली की पाय पोटाशी ओढून घ्यायची. त्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एका मुलाला पोलिओ झाला होता. नळावर कुणीतरी सहज म्हणालं, "पाय जरा बारीकच वाटतात गं हिचे." म्हणणारी बादली भरून निघून गेली. मी तिथेच उभी राहिले.

आयांनो, तुम्हाला सांगायला नको. आंघोळ घालताना मी तिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून बघायचे, एक दुसऱ्याहून लहान तर नाही ना. ह्यांनी हौसेनं लाकडी पांगुळगाडा आणला, तर मी त्यांच्या अंगावर ओरडले. त्या शब्दात 'पांगुळ' आहे, तो घरात नको! तो माळ्यावर गेला. तेल चोळलं, बाळगुटी झाली. मी महालक्ष्मीला नवस बोलले. ॲग्नेसबाई मेरी मातेला मेणबत्ती बोलल्या होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

शेवटी धीर करून मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाय वाकवले, ठोकले, तळव्याला गुदगुल्या केल्या. मग चष्मा काढून विचारलं, "ही दिवसभर असते कुठे?"

मी म्हटलं, "माझ्याकडे, मावशींकडे, बाईंकडे..."

"ते कळलं. जमिनीवर कधी असते?"

मी नकळत शकुला पुन्हा कडेवर उचलून घेतलं.

"घरात जमीन आहे ना तुमच्या?" त्या म्हणाल्या. "पाय उत्तम आहेत हिचे. पण ते कशाला लागतात हे हिला कुणी कळू दिलेलं नाही. खाली ठेवा. महिनाभर कोणी उचलायचं नाही."

इतकी लाडकी होती हो, की तिला चालायचं कारणच उरलं नव्हतं!

त्याच संध्याकाळी ह्यांनी गॅलरीत सगळ्यांना गोळा करून डॉक्टरांचा हुकूम सांगितला. काशीरामभाऊ लगेच म्हणाले, "माका काय ह्या जमूचा नाय." (बघा, अजून हसतायत!) त्यांनी दोनदा चोरून तिला उचललंही, मी पाहिलंय. ॲग्नेसबाई मात्र उठल्या. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आपल्या गॅलरीत दिवसा दार कधी लागतं? कुणी गेलं तर, नाहीतर भांडण झालं तर. दुसऱ्या दिवशीही दार बंद, तिसऱ्या दिवशीही. मशीनसुद्धा बंद. नाताळ तोंडावर आलेला, गिऱ्हाइकं येऊन दार ठोठावतायत, तेवढ्यापुरतं दार किलकिलं व्हायचं. मला फार लागलं. वाटलं, माझ्या मुलीचा प्रश्न आहे आणि या रागावून बसल्या?

शकु खाली रडली, लोळली, सरपटली. मग कठड्याचे गज धरून उभी राहायला लागली. एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते. बघते तर ही भिंतीला हात लावून निघालेली. माझ्याकडे नाही हो, बाईंच्या दाराकडे! पोचली आणि दारावर चापट मारली.

आतून आवाज आला, "कोण?"

हिनं पुन्हा चापट मारली.

दार आत उघडलं आणि हिचा आधारच गेला. मी मेथी टाकून उठले. पण ती पडली नाही. उभी राहिली, हलली, आणि दोन पावलं टाकून खोलीत गेली. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. डोळ्यांतून पाणी चाललेलं. मला म्हणाल्या, "सुलक्षणा, आता उचलू गं?"

मी हो म्हणेपर्यंत शकु त्यांच्या बाजूनं मशीनकडे गेलीसुद्धा. मी घाबरून खाली बघितलं, तर फरशीवर एकही टाचणी नव्हती. बाई रोज लोहचुंबक फिरवून फरशी साफ करत होत्या. मशीनचा आवाज ऐकला की पोर मांडीसाठी रडेल, म्हणून नाताळचे सगळे फ्रॉक हातानं शिवत होत्या. आणि दार? त्या म्हणाल्या, "तिनं माझ्यासमोर हात वर केले असते, तर मी थांबले नसते."

त्या दिवसापासून शकु जी पळत सुटली, ती पुन्हा कुणाच्या मांडीवर बसलीच नाही. आम्हाला मुलगी चालती मिळाली. बाईंची मात्र मांडी रिकामी झाली. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर मी सांगते आहे. बाई, माझ्या मुलीवर माझ्याइतकीच माया तुम्ही केलीत.

मंडळाचे, जागा देणाऱ्या शाळेचे आणि माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानापानात पुढे-मागे झालं असेल, तर पदरात घ्या.

आता पुष्पगुच्छ. तो शकुनं द्यायचा ठरला होता. पण ती तिकडे खांबाजवळ गुच्छ घट्ट धरून बसली आहे आणि उठत नाही. म्हणते, "मी दिला की बाई जातील." तेव्हा बाई, तुम्हीच खाली या. आता ती तिसरीत आहे, चांगली वजनदार आहे, आणि तुमची कंबर दुखते हे मला ठाऊक आहे.

तरी उचला.