एकुलता नमुना

आदरणीय अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सभागृहातील सहकारी आणि विद्यार्थी, मागच्या दारापाशी उभे राहून चहाची वाट पाहणारे मित्र, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो त्या आमच्या मॅडम, सर्वांना माझा नमस्कार.

बोलणं हा माझा प्रांत नाही. मी या संस्थेत चित्रं काढतो. सूक्ष्मदर्शकाखाली किडा ठेवायचा, दिसेल तेवढंच कागदावर उतरवायचं, आणि एखादा केस जास्त काढला तर मॅडमची बोलणी खायची. त्यात मॅडम माझ्या सख्ख्या वहिनी. इथे मॅडम, घरी वहिनी. कुणाचा वशिला कुणाला लागला ही कुजबुज मी बरीच वर्षं ऐकत आलोय, म्हणून आज सांगून टाकतो: मी इथे आधी लागलो. दादाला हे स्थळ सुचवलं तेही मीच. तो पुढच्या रांगेत बसलाय. त्याची काही तक्रार असेल तर कार्यक्रमानंतर भेटावं.

संचालक साहेबांनी मघाशी नव्या कोळ्याच्या शोधाचा उल्लेख केला आणि तो मॅडमच्या कारकिर्दीचा कळस आहे असं म्हटलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पण मॅडमनी तेव्हा मान खाली घातली, आणि ती काही विनयाने नव्हे. ती का, एवढंच मला सांगायचं आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये, मी आटोपतं घेतो.

हा कोळी जाळं विणत नाही. डोंगराच्या ओलसर उतारावर बीळ खणतो, बिळाला माती आणि रेशमाचं झाकण करतो आणि त्याआड बसून राहतो. मादीचं सगळं आयुष्य त्या एका बिळात जातं, आणि तेही वीस-वीस वर्षांचं. वरच्या उतारावरच्या या माद्या वहिनींना वेगळ्या वाटत. रंग जरा गडद, झाकण जरा जाड. पण नुसतं वाटून काय उपयोग? खालच्या टेकड्यांवर असाच एक कोळी पैशाला पासरी मिळतो, आणि दोन्हीकडच्या माद्या शेजारी ठेवल्या तर मलासुद्धा फरक दाखवता येईना. जात वेगळी की तीच, याचा निकाल नराकडे असतो. त्याच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकाला एक गाठ असते, आणि प्रत्येक जातीत तिचा घाट निराळा. ती गाठ शेवटची कात टाकल्यावरच नीट दिसते.

डोंगरावर नर काही हाती लागेना, म्हणून वहिनींनी पिल्लं आणून बरण्यांत वाढवायला घेतली. त्यांना मोठं व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. बरीच मेली. जी वयात आली ती माद्याच निघाली, आणि त्यांतलीही एकच तग धरून राहिली. कात पडली की मी धावत जायचो आणि वहिनींच्या चेहऱ्यावरूनच काय ते समजायचो. मुलगी झाली म्हणून हिरमुसलेल्या वहिनी मी तेवढ्याच वेळा पाहिल्या. हे वाक्य कृपा करून बाहेर कुठे सांगू नका.

अशात त्या उतारावर दगडाची खाण काढायचं घाटलं. सुनावणी लागली. समितीचं म्हणणं सरळ होतं. हा कोळी जगात इथेच राहतो म्हणता, तर त्याची जात वेगळी आहे हे सिद्ध करा आणि नराचा नमुना संग्रहात जमा करा. फोटो चालणार नाहीत.

आणि बरण्यांतलं शेवटचं पिल्लू नर निघालं! मी गाठ पाहिली. खालच्या कोळ्याची गाठ लिंबाच्या बीसारखी, टोकाशी सरळ. याची टोकाशी वळलेली, वळणावर एक बारीक दात. मी मान वर केली आणि नुसतं "वहिनी" म्हणालो. या इमारतीत पहिल्यांदाच. त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या.

पण पेच तिथेच सुरू झाला. वयात आलेला नर काही आठवड्यांचाच सोबती. शेजारच्या बरणीत मादी. त्याला तिच्याकडे सोडलं तर पिल्लं होतील. पण मादी त्याला फाडून खाऊही शकते, आणि मग गाठही गेली आणि पुरावाही गेला. नमुना जमा करायचा तर त्याला स्पिरिटमध्ये घालून मारायचं.

त्या संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला, "अगं, एकदा दोघांना भेटू दे ना. मग घाल स्पिरिटमध्ये."

"आणि तिने खाल्लं त्याला तर?"

"नाही गं खाणार."

"तुम्ही ओळखता का तिला?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "उतारच राहिला नाही तर पिल्लं सोडू कुठे? आणि उतार वाचला तर तिथे आणखी असतीलच. हो ना रे?"

मी हो म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नर स्पिरिटमध्ये गेला. त्याची चित्रं हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे, आणि ती मला बघवत नाहीत. समितीने नवी जात मान्य केली, वहिनींचं कौतुक केलं, उताराची हद्द आखून द्या म्हणाली. हद्द आखायला आम्ही तिघं गेलो. उतार नव्हता. सुनावणी होती नव्या परवान्याची, आणि खाणवाल्यांनी तोवर जुन्या परवान्यावर काम उरकून घेतलं होतं. कुणीही कायदा मोडला नव्हता. जिथे आम्ही गुडघे टेकून झाकणं शोधायचो तिथे आता नुसती हवा होती. वहिनी "चला" म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. नंतर आम्ही आजूबाजूचे सगळे उतार पालथे घातले. जे नर मिळाले ते खालच्याच कोळ्याचे.

तेव्हा साहेब, शोध लागला हे खरं आहे. पण आपण टाळ्या नेमक्या कशासाठी वाजवल्या? मी चुकीचं बोलत असेन तर मला इथेच थांबवा.

मादी अजून आहे. खोली आज रिकामी करायची, म्हणून ती वहिनींबरोबर घरी जायची आहे. तशी परवानगी दिल्याबद्दल साहेबांचे आभार मानतो. आज सकाळी खोकी बांधायला आम्ही गेलो, तर बरणीच्या काचेला लागून बिळात एक पांढरी पिशवी दिसली. अंड्यांची. दादाचा चेहरा असा काही उजळला!

"अगं, पिल्लं!"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "नराशिवाय घातलीत. त्यातून काही निघायचं नाही."

"मग काढून टाकू या का? उगाच तिला कशाला..."

"राहू द्या. राखत बसलीय ती."

आणि त्यांनी रोजच्यासारखा कापसाचा बोळा ओला करून बरणीत सोडला.

असो. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी माझ्यासारख्याला बोलायला उभं केलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर एका दिराचा आगाऊपणा समजून पोटात घाला. यानंतर मॅडमचं मनोगत आहे असं पत्रिकेत छापलंय, पण त्या बोलणार नाहीत, तसं त्यांनी मला सांगून ठेवलंय. त्यांना उजेड आहे तोवर निघायचं आहे. बरणी मांडीवर घेऊन बसायचं आहे आणि दादाला गाडी अगदी सावकाश चालवायची आहे. रस्ता खराब आहे, पिशवीला धक्का लागता कामा नये.

नमस्कार.