स्वतःहून की चुकून

—नाही, नाही, सरफराजभाऊ, चुकून नाही झालं ते. मी जाणूनबुजून केलं. कंपनीचा लॅपटॉप न्याले आले नं तुमी? न्या. पण अमरावतीवरून भातकुलीपर्यंत आलेच आहा, तं ऐकून तं घ्या. कंपनी म्हणते, माह्या खुणायनं मशीन बिघडून राहिली— अन् मशीन शिकते कोणापासून? आमच्यापासूनच नं! डॉक्टर लोकायचे इंग्रजी पेपर आमी वाचतो, ओळीओळीवर खूण करतो— हा रोग, हे औषध, हा वाचला, हा गेला— अन् मंग एखाद्या डॉक्टरनं साध्या भाषेत सवाल टाकला का मशीन हजारो पेपरातून जवाब आणते. बरोबर? आता त्याच्यात एक सवाल हाये, विष अंगात गेलं कसं— स्वतःहून का चुकून? चौकटी दोनच. पेपरात लिवलं राह्यते, शेतकरी, फवारणीचं विष, बेशुद्ध. बस. कसं गेलं, त्याचा पत्ता नाही. अन् तुमचा नियम काय? शेतकरी असन तं 'स्वतःहून'वर खूण करा! काहून? बातमीत रोज आत्महत्या येते म्हून शेतकऱ्याले दुसरं मरणच नाही का? मले राग आला. मी सगळ्यायले 'चुकून' करून टाकलं. हो, सगळ्यायले.

मान हालवू नका अशी. मागं हापिसात तुमीच म्हटलं नं, वर्षाली, पाह्य बरं एखादा सवाल टाकून? मी टाकला— फवारणीचं विष बाधलं, माणूस घामानं डबडबला, तोंडाले फेस, पहिलं काय करावं? काय आणलं मशीननं? पोट धुवा, नळी टाका, शुद्धीवर आला का मनाच्या डॉक्टरले दाखवा. कपडे काढा, अंग साबणानं धुवा— हे नोतं असं नाही, पण कुठं? पार खाली! तिथपर्यंत कोण जाते घाईत? आमच्या बाबाले बी तसंच केलं. तवा मशीनबिशीन नोती, सगळ्यायच्या डोक्यातच होतं ते. दसरा तोंडावर, झेंडू तोडणीले आलेला, अन् बाबा वावरात पडले. दवाखान्यात पहिला सवाल— विष केव्हा पेला? पेला का, असं नाही पुसलं कोणी, केव्हा पेला! नळी टाकली, पोट धुतलं, अन् वल्ला शर्ट तसाच अंगावर, संध्याकाळपर्यंत. मायनं तो शर्ट धुतला तं तिचे हात भगभगत होते, मंग बाबाच्या अंगाचं काय झालं असन? अन् गाव म्हणे पेला. मामानं तेरवीत जेवता जेवता म्हटलं, पेला म्हून. अरे, वारा फिरला का फवारा तोंडावर येते, कपड्यातून अंगात जिरते— अन् मी स्वतः पाह्यलं नं, सगळ्यायच्या आंधी मीच पोचली होती वावरात, फवारणीचा पंप तिथंच धुऱ्यावर, बांधाले टेकून होता, कोरडा ठणठणीत—

नाही. कोरडा म्हणजे... फवारणी आदल्या दिवशी झाली होती. पण त्या दिवशी बी करायची असन. राह्यली असन थोडी. तसे काय पाहून राहिले माह्याकडं? तुमी होते तिथं? मी होती, तरी मले माहीत नाही. मायले माहीत असन. मी पुसलं नाही, तिनं सांगतलं नाही— एका घरात राह्यतो, एका चुलीवरचं खातो, पण तो विषय निघाला का दोघी बी उठून जातो.

बरं, समजा. समजा, पेलेच असन बाबा. तरी तो शर्ट काढाले पाह्यजे होता का नाही? फवाऱ्यानं भिजला असो का ओकारीनं, विष तं अंगावर होतंच नं? एक बालटी पाणी, साबणाची वडी, याच्यासाठी माणूस कसा पडला हे कायले पाह्यजे? पहिले धुवा, मंग सवाल पुसा! कंपनीले मी तेच कळवलं— हा जवाब वर आणा, अन् एक चौकट 'माहीत नाही'ची द्या. तं म्हणे, असं नियमात बसत नाही. मंग मी तरी कशी बसन? हे घ्या, चार्जर बी ठेवा पिशवीत. आता निघा, भाऊ. फाटक वाजलं— माय आली वाटते. तिच्यासमोर एक शब्द काढू नका, तुमाले तुमच्या अम्मीची—

माय, हे सरफराजभाऊ, कंपनीतले. लॅपटॉप बिघडला म्हून न्याले आले. नाही, चहा नको. निघालेच ते.