राबाच्या कडेची डोंबारी

आमचं लग्न नवीन होतं, पोलादपुरात वीज यायची होती, तेव्हाची गोष्ट. रोपासाठी जमीन भाजायला शेतात पालापाचोळ्याचा राब पसरला होता. मी काडी ओढणार, तोच बायकोने हात धरला.

"थांबा, कडेला पाखरू हाय."

"चिमणी गो ती, उडंल."

"चिमणी उड्या मारते. ही चालते बघा. डोंबारी हाय, भुईवर घरटं करते."

वाकून बघितलं, तर ढेकळाआड दोन अंडी! मी काडी खिशात टाकली. बायकोचे ते उपकार मी आजही मानतो.

तेवढा कोपरा सोडून राब भाजला. पुढे आईने बायकोलाच विचारलं, "त्या कोपऱ्यात रोप का नाय गो?"

"तिथं बाळंतीण होती, आई."