दुखणं, एक ते दहा

...नाही, पण मला एक सांगा, कुणाला किती दुखतंय हे ज्याचं त्यानंच सांगायचं, हा कुठला न्याय? हाड मोडलं तर फोटो काढता, रक्त बिघडलं तर बाटलीत घेऊन तपासता, आणि दुखण्याची वेळ आली की मात्र, "मिसेस टॉर्केल्सन, एक ते दहामध्ये सांगा बरं, किती दुखतंय?" आणि हे विचारायचं कुणाला? आमच्या आर्डिसला! अहो, हिचा हात एकदा गाडीच्या दारात सापडला, पार चेंगरला, मी पलीकडे बर्फ उपसतोय, तर ही तशीच उभी, आणि मला म्हणते, "सेल्मर, तुला वेळ झाला की जरा हे दार उघडतोस का?" वेळ झाला की! त्या बाईला विचारतात, एक ते दहा!

काय म्हणाली सांगू? रुमालाची घडी घातली, डॉक्टरीणबाईंकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "तसं फार काही नाही."

झालं! बसा बोंबलत!

तुम्हाला सांगतो, पोटातला कॅन्सर तेव्हा पाठीच्या हाडापर्यंत पोचला होता. दवाखान्यातल्या नेहमीच्या गोळ्यांनी ही एकतर दिवसभर झोपायची, नाहीतर ओकायची. आणि आमच्या मिनेसोटात तेव्हा नुकताच तो गांजाचा कायदा आलेला. औषधी गांजा हं, ओढायचा नाही, तेल आणि गोळ्या, सगळं कसं सभ्य. पण उठून गेलो आणि आणलं असं नाही! यादीत बसणारा आजार पाहिजे. मी म्हटलं, कॅन्सर आहे ना यादीत? मग काय, आपल्याकडे भरपूर आहे! तर आमच्या डॉक्टर डेल्गाडो म्हणतात, "मिस्टर टॉर्केल्सन, नुसता कॅन्सर नाही चालत. कॅन्सर, आणि वर तीव्र वेदना, नाहीतर जोराच्या उलट्या, नाहीतर शरीर झिजत जाणं. मी औषध लिहून देत नाही, मी फक्त सही करते की हे यांना आहे. पण त्या नाही म्हणत असतील तर मी आहे असं कसं लिहू?" ऐका! नुसता कॅन्सर नाही चालत! माणसानं अजून काय घेऊन यायचं, डबा?

बरं, बाईंचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या टेक्सासच्या, इकडे नव्या. तिकडे म्हणे नख मोडलं तरी अख्खी गल्ली गोळा होते. त्यांना काय माहीत की आमच्याकडे "बरंय" म्हणजे माणूस आजारी असतो, आणि "तसं फार काही नाही" म्हणजे पाद्रीबुवांना बोलवायची वेळ झालेली असते! त्या बिचाऱ्या सरळ विचारतात.

"उलट्या होतात?"

"तसं फार काही नाही."

"जेवण जातं?"

"मी मुळातच कमी खाते हो."

"वजन?"

तर ही बर्फातले जडजूड बूट, लोकरी कोट, सगळ्यासकट काट्यावर चढली! का? तर मोजा फाटका होता. कॅन्सर दिसला तरी चालेल, मोजा दिसता कामा नये! आणि निघताना वर डॉक्टरीणबाईंचा हात धरून काय म्हणते, "ते तेलबिल तुम्ही खरी गरज असलेल्यांना द्या हं. उगाच आम्ही कशाला मध्ये."

घरी आलो. मी म्हटलं, आर्डिस, बस इथे, आपण तालीम करू. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी डॉक्टर झालो, चष्माबिष्मा नाकावर घेऊन. "बोला मिसेस टॉर्केल्सन, किती दुखतंय?"

"जरासं."

"जरासं नाही! म्हण, असह्य."

"असह्य कसं म्हणू? सहन करतेच आहे की!"

म्हटलं, बरं बाई, शब्द राहू दे, आकडा सांग. नऊ म्हण. नुसतं नऊ!

तर म्हणते, "नऊ मर्टलला होतं." मर्टल म्हणजे हिची थोरली बहीण. तिला हाच आजार. "शेवटी मला म्हणाली होती, आर्डिस, नऊ. आणि गेली. मी आत्ताच नऊ म्हणून बसले, तर पुढे काय म्हणू?"

मी चष्मा काढून ठेवला.

...आणि आता कार्पेटचं सांगतो. हसू नका, कार्पेटचा संबंध आहे. आमची ही रोज दुपारी जेवण झालं की झोपायच्या खोलीत जायची, दार लावायची आणि व्हॅक्यूम क्लीनर चालू करायची. घूंऽऽऽ. रोज! माणसं दोन, कुत्रं मरून जमाना झाला, त्या खोलीत धूळ येणार कुठून? पण मी आपला म्हणायचो, बायकांना असते एकेक हौस. एके दिवशी चष्मा आत राहिला म्हणून मी दार ढकललं. मशीन एका जागी उभं, नळी जमिनीवर पडलेली, घूंऽऽऽ चाललंय. आणि ही गुडघ्यांवर, पलंगाला टेकून, तोंड उशीत खुपसून... ओरडत होती हो. माझी आर्डिस ओरडत होती. इतक्या वर्षांत ही बाई कुत्र्यावरसुद्धा ओरडली नव्हती.

मी काय केलं? दार लावलं. हळूच. गॅरेजमध्ये गेलो आणि स्क्रू निवडत बसलो, लांब वेगळे, आखूड वेगळे. मशीन थांबलं, ही बाहेर आली, केस नीट केलेले, म्हणते, "किती धूळ होते नाही रे आपल्या घरात!"

आणि मी म्हटलं, "हो ना."

हो ना! थोबाडीत मारावीशी वाटते स्वतःच्या!

पुढच्या खेपेला दवाखान्यात पुन्हा तेच. "मिसेस टॉर्केल्सन, एक ते दहामध्ये..." आणि ही, "तसं फार काही नाही. तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?" आईचा गुडघा! मी ताडकन उठलो. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बायकोच्या विरुद्ध बोललो, "खोटं बोलतेय ही! रोज कार्पेट झाडते! घरात धूळ नाही हो बाई, कणभर धूळ नाही!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की आता यांनाच काहीतरी द्यावं लागणार. मग मी सांगितलं सगळं. मशीन, उशी, सगळं. आर्डिस लालबुंद झाली. माझ्याकडे बघेना. आणि बाईंनी काय केलं माहितीय? उठल्या, भिंतीतला हीटर पुऱ्या जोरात लावला. आमच्या दवाखान्यातला हीटर तुम्हाला माहीत नाही, त्यापेक्षा बर्फ काढायचा ट्रक कमी आवाज करतो, मी जन्मभर चालवलाय, मला विचारा! मग आपली खुर्ची आर्डिसच्या खुर्चीला लावली, कान तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "आता सांगा. त्यांना ऐकू जात नाही."

आणि आर्डिसचे ओठ हलले. बराच वेळ हलत होते. मला एक अक्षर कळलं नाही. बाईंनी हीटर बंद केला, डोळे पुसले आणि सही केली.

मग पुढचं सगळं, नाव नोंदवा, ओळखपत्र दाखवा, मंजुरीची वाट बघा, लांबच्या गावातल्या दुकानात जा, तिथे दारात पहारेकरी! आत एक औषधवाली पोरगी, फार गोड, म्हणाली, "थोड्यापासून सुरुवात करा, आजी. गोळी पोटात गेल्यावर चढायला वेळ लागतो, घाई नाही करायची." मी ऐकलं. घरी गेलो, एक गोळी दिली, तासभर वाट बघितली, विचारलं, काही वाटतंय? "तसं फार काही नाही." म्हटलं, कमी पडली! दिली अजून एक!

अहो, काय सांगू! तोंडाला कोरड, गरगरतंय म्हणून भिंत धरून बसली, आणि मग अख्खी संध्याकाळ फ्रिजकडे बघत. मी घाबरून हातपाय चोळतोय, तर म्हणते, "सेल्मर, फ्रिज किती समजूतदार आहे रे आपला. गुणगुणतो, पण मध्ये बोलत नाही."

पण माप बसलं हो मग. कमी, आणि ठरल्या वेळी. उलट्या थांबल्या, म्हणजे रोजच्या होत्या त्या कधीतरी झाल्या. दुखणं गेलं नाही, जरा लांब जाऊन बसलं, असं ती म्हणायची. झोपायला लागली. खायला लागली! एका रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला आम्ही सगळे, ताटलीत लिंबाची एक वडी उरलेली. आता आमच्यात शेवटचा तुकडा कुणी घेत नाही, मेला तरी घेत नाही. एकजण अर्धा कापतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी चिमणीएवढा तुकडा कागदात गुंडाळून आमच्या चर्चमधली लव्हॉन घरी नेते, कारण ताटली तिची. आर्डिस उठली, ती अख्खी वडी उचलली, अख्खी, आणि उभ्या उभ्या खाल्ली! आणि वर बोटं चाटून म्हणते, "लव्हॉन, अजून आहेत का गं?"

लव्हॉनचं तोंड बघायला हवं होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, लिंबू उडालं.

आणि कार्पेट! कार्पेटवर धूळ दिसायला लागली. धूळ, मंडळी! बिस्किटांचा चुरा, लोकरीचे धागे, काय वाट्टेल ते! दुपारी घर गप्प. मी गॅरेजमधून मुद्दाम आत यायचो, त्या धुळीकडे बघायचो आणि परत जायचो. अख्खा उन्हाळा ती धूळ होती.

...मग बर्फ पडायला लागला, आणि एका दुपारी परत आवाज आला. घूंऽऽऽ.

ते औषध आजार बरा करत नाही. करतं असं कुणी म्हणालंही नव्हतं, ना डॉक्टरीणबाई, ना ती गोड पोरगी. माप वाढवलं, जेवढं वाढवता येतं तेवढं. पण आजार पुढे निघून गेलेला. यावेळी मी गॅरेजमध्ये गेलो नाही. दार उघडलं, मशीन बंद केलं आणि तिच्या शेजारी खाली बसलो. हे गुडघे, बसले तर उठतील याची खात्री नाही, तरी बसलो. तिनं उशीतून तोंड काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सेल्मर. नऊ."

बस. काहीतरी बोलायचं म्हणून, गाढवासारखं, मी म्हटलं, "दहा नाही ना?"

तर म्हणते, "दहा राहू दे. कुणाला तरी लागेल."

...

गेली. त्याच आठवड्यात. लव्हॉननं लिंबाच्या वड्या केल्या होत्या, परात भरून. शेवटची राहिली ती कुणी कापली नाही, तशीच राहिली ताटलीत.

आणि आता गावात जो भेटतो तो, दुकानात, टपाल कचेरीत, बर्फात उभं राहून, मान तिरकी करून, "काय सेल्मर, कसं चाललंय?"

तसं फार काही नाही.

बरं, निघतो मी. दुपार झाली. तुम्हाला सांगतो, एकट्या माणसाचं घर, पण धूळ किती होते हो!