मान ताठ ठेवा

…नाही, आता नक्की आठवत नाही, ती ‘लक्ष ठेवा’ म्हणाली होती की ‘हात लावू नका’, माझी स्मरणशक्ती हल्ली माझ्याच विरुद्ध साक्ष देते, पण तुम्हाला सांगतो, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली बायको दारात उभी राहून कुंड्यांतल्या सूर्यफुलांकडे बोट दाखवते, तेव्हा माणूस काय समजेल? सांभाळा, असंच ना? मग यात माझं काय चुकलं?

साधी फुलं नव्हती हो ती. बी तिच्या आईच्या परसातलं, आई गेली, घर विकलं, राहिलं ते एवढंच. दरवर्षी पेरायचं, पिकलं की काढून ठेवायचं. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर धास्ती.

थंडी पडू लागली आणि एकेकाने मान टाकली. पाकळ्या गळल्या, पानं पिवळी. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं मी. मान टाकली, म्हणजे आजारी. आजारी, म्हणजे उपचार. शेजारचे निवृत्त डॉक्टरही गॅलरीतून म्हणाले, “गारठा बाधलाय, ऊब द्या.” मी काठ्या रोवल्या, कॉलेजातले माझे सगळे टाय काढले आणि एकेकाची मान ताठ बांधली. वरून प्लास्टिक गुंडाळलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. सांगा, यात माझं काय चुकलं?

फोनवर तिने विचारलं, “माना वाकल्या का हो?” मी अभिमानाने म्हटलं, “एकीलाही वाकू दिलं नाही.” ती म्हणाली, “अहो, पण…” आणि तिकडे बाळाने असा टाहो फोडला की फोनच ठेवला गेला. आता त्या ‘पण’च्या पुढे काय होतं, हे मी बाळाला विचारायचं?

ती आली. प्लास्टिक सोडलं. आत सगळं काळं, बुरशी, वास. तिने एक फूल चुरडलं, हातात नुसता लगदा. म्हणाली, “पिकलं की वाकतंच ते. तेव्हा कापून वाळवायचं असतं.” मी म्हटलं, “मला काय माहीत?” ती म्हणाली, “राहू द्या,” आणि टाय धुवायला टाकले. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी वर्षं त्या रिकाम्या कुंड्यांवरून मी चोरासारखी ये-जा केली. तिच्या आईचं शेवटचं बी माझ्या हातून गेलं, आणि तरी मनातल्या मनात तेच, यात माझं काय चुकलं?

परवा शर्टाला बटण लावायला खालच्या शिवणवाल्या बाईंकडे गेलो. मागच्या अंगणात सूर्यफुलं, हीऽ उंच, माना टाकून मजेत उभी. म्हटलं, ही कुठून आणलीत?

“आणली कुठली, काकूंनीच दिलं बी. तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या ना, त्याच्या आदल्या दिवशी. दरवर्षी पेरते मी. म्हणाल्या, घरची झाडं हे सांभाळतो म्हणालेत, म्हणून थोडं बी तुझ्याकडे ठेवते.”

घरी येऊन बायकोला विचारलं, खरं का हे? तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, “खरंय. बटण नीट लावलं का तिने?”