तीनशे मिलिग्राम कुंकू

माझं माहेर राजूरकडलं, देवळापासून दोन कोसावरची वाडी, नाव सांगून उपयोग न्हाई, तुम्हाला सापडायची न्हाई. बाप जिनिंगवर हमाल होता, मंग मापाडी झाला, कापसाचं वजन करायचा. मी त्याची भाकर घेऊन जायचे. तो काट्यावर माल चढवायचा अन् दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राह्यचा. इकडून शेतकरी म्हणायचा सांग की जल्दी, तिकडून व्यापारी म्हणायचा सांग की जल्दी, हा बिलकुल बोलायचा न्हाई काटा थांबेपर्यंत. मी एकदा विचारलं, दादा, हात मागं का धरता, तर म्हणाला, हात पुढं दिसला की लोक म्हणतात मापाड्यानं बोट लावलं. एवढंच माझं शिक्षण समजा ताई, बाकी मी दहावी नापास.

लग्न होऊन जाफराबादला आले. नवरा तिथं कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होता. परिचर म्हणजे शिपाईच, फक्त काचेची भांडी फुटली की शिव्या जास्त. त्याला कावीळ झाली, आधी झाडपाला केला, मंग दवाखाना केला, उलटं केलं असतं तर कदाचित वाचला असता. त्याच्या जागी मला घेतलं. चोवीस वर्षांची होते मी, तरी पहिल्या दिवसापासून सगळ्यांची मावशी. प्राचार्य पन्नाशीचे, तेही मावशीच म्हणायचे.

आम्ही बौद्ध. नवरा गेला तर सासूबाईनं सांगितलं, आपल्यात ते काही न्हाई आता, कपाळ मोकळं ठेवायचं न्हाई, टिकली लाव. मी लावली, आजही लावते. पण संक्रांतीला स्टाफरूममध्ये हळदी-कुंकू असलं की मला बोलवायचे वाण लावायला, ताटं उचलायला. कुंकवाचा करंडा समोरून जायचा अन् माझ्यापाशी आला की त्याला पाय फुटायचे. चौतीस वर्षं बघितलं. तक्रार न्हाई करून राह्यले, सांगून राह्यले.

पण प्रयोगशाळा माझी होती. तिथं काचेच्या पेटीतला तराजू आहे, फिजिकल बॅलन्स म्हणतात, श्वास सोडला तरी काटा हलतो. वजनाची लाकडी पेटी, चिमट्यानं उचलायची वजनं, मिलिग्रामपर्यंत. जुने सर होते त्यांनी मला शिकवलं, म्हणाले कमलबाई, तुमचा हात पोरांपेक्षा स्थिर आहे. ते रिटायर झाले, त्यांच्या जागी विवेक सर आले. तरणे, हुशार, बोलायला गोड. माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती, सासूबाई नव्वदीच्या, घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर. दुपारी जाऊन म्हातारीला दोन घास भरवून परत यायचे. मला फक्त एवढं पाहिजे होतं, त्या प्रयोगशाळेतूनच घरी जायचं. बाकी शाल-नारळ नसता दिला तरी चाललं असतं.

तर काय सांगू तुम्हाला, संस्थेनं नवी इमारत बांधली, उद्घाटनाला मोठे साहेब येणार. अध्यक्षांच्या मनात आलं की साहेबांवर आकाशातून फुलं पडली पाहिजेत. कुणीतरी म्हणालं ड्रोन आणू, तर अध्यक्ष म्हणाले, ड्रोन आता वरातीत पण असतो, आपलं काही वेगळं पाहिजे. मंग हेलिकॉप्टर आलं. हातभर लांब, रिमोटवर चालणारं, वर दोन पाती, मागं शेपटाला बारका पंखा, पोटाखाली मूठभर पाकळ्या मावतील एवढी डबी. विवेक सरांनी मैदानावर उडवलं अन् ताई, खोटं कशाला बोलू, असं एका जागी हवेत उभं राह्यलं जसं कुणी खुंटीला अडकवलंय. बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. यंत्र चांगलं चाललं की मला तसं होतं.

मंग आला दसरा. यंत्राची पूजा. अध्यक्षांच्या मिसेस, त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणतात, त्यांच्या हातून पूजा झाली. हेलिकॉप्टर टेबलावर मांडलं, हार घातला, वहिनीसाहेबांनी हळद-कुंकू तुपात कालवून एका पात्याच्या टोकाला पाच बोटं ओढली, वर अक्षता चिकटवल्या. एकाच पात्याला. दुसरं पातं भिंतीकडं होतं, तिकडं फोटोवाला न्हवता.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते उडवायला घेतलं तर जमिनीवरच थरथरायला लागलं, थंडी वाजून आल्यासारखं. वर गेलं की शेपूट एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, अन् सगळं धूड जात्यासारखं गोल गोल फिरत सरकायचं. सरांनी बॅटरी बदलली. शेपटाला काडेपेटीएवढी डबी असते, जायरो म्हणतात, शेपूट सरळ ठेवायचं काम तिचं, सर तिचाच स्क्रू पिळत बसले. जितकं पिळलं तितकं शेपूट जास्त हलायला लागलं. शहरातल्या कुणा जाणकाराला व्हिडिओ कॉल लावला, तो म्हणाला पुण्याला पाठवा. मोठे क्लार्क बाबूराव म्हणाले, नजर लागली, अन् त्यांनी खाली लिंबू-मिरची बांधली. मंग ते थरथरत तर होतंच, वरून नाकावर पण पडायला लागलं. बाबूराव म्हणाले, बघा, नजर किती कडक आहे.

मी आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी सरांना म्हणलं, सर, मी बघू का. ते थकले होते, म्हणाले, बघा मावशी, तुम्हीच राह्यल्या होत्या.

लिंबू काढून ठेवलं. मधला दांडा सोडवून काचेवर लोळवला, बराबर लोळला, म्हणजे वाकला न्हाई. पाती काढून ठेवली अन् नुसतीच मोटर फिरवली. थरथर बंद. सर म्हणाले, असं कसं. मी म्हणलं, म्हणजे खोट पात्यातच आहे. पाती परत लावली, यंत्र खालून घट्ट धरून, हात लांब करून फिरवून बघितली, दोन्ही एकाच रेषेत फिरत होती, वरखाली न्हवती. मंग राह्यलं काय, वजन. एकेक पातं तराजूत टाकलं, पेटीचं दार लावलं अन् दोन्ही हात मागं धरून उभी राह्यले. कुंकवाचं पातं तीनशे मिलिग्राम जास्त भरलं.

तीनशे मिलिग्राम म्हणजे काय, तांदळाचे पंधरा-सोळा दाणे. चुलीपाशी कुणी मोजत न्हाई. पण पातं एका मिनिटात हजारदा फिरून राह्यलं, अन् टोकाला एकाच बाजूनं तेवढं वजन, ते सगळ्या अंगाला हिसके देणार न्हाई तर काय. अन् सगळं अंग हलायला लागलं की त्या जायरोला बिचाऱ्याला वाटतं आपलं शेपूटच वळून राह्यलं. त्याची काही चूक न्हवती, त्याला खोटी खबर मिळत होती.

सरांना हे एका मिनिटात कळलं. हुशार आहेत, सांगितलं न्हाई का मी. पण त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, मावशी, वहिनीसाहेबांच्या हातचं कुंकू आहे, पुसायचं कसं. मी म्हणलं, स्पिरिटनं, कापसानं. तसं न्हाई मावशी, म्हणाले. मंग खिडकीबाहेर बघितलं, घड्याळ बघितलं अन् म्हणाले, मी चहा पिऊन येतो.

मला कळलं न्हाई असं न्हाई. चौतीस वर्षं ताटं उचलली मी. पण ते पातं माझ्या हातात होतं अन् खोट समोर दिसत होती. पुसलं. परत तोललं, काटा बराबर मध्ये. सर चहा पिऊन आले, हेलिकॉप्टर मैदानावर नेलं, पहिल्यासारखं खुंटीला अडकवल्यासारखं उभं राह्यलं. सर म्हणाले, मावशी, तुम्ही तर इंजिनियर निघाल्या. त्या दिवशी मी सासूबाईला गोडाचा शिरा केल्ता.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या छातीत दुखलं, जालन्याला नेऊन दाखल केलं. अन् बाबूरावांचं लक्ष पात्याकडं गेलं.

ऑफिसात बोलवलं. वहिनीसाहेब बसल्या होत्या, रडून डोळे सुजलेले. मला वाटलं शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, कमल, तू तर स्वतः भोगलंय ना गं, तुला तरी कळायला पाहिजे होतं. बाबूराव म्हणाले, यांच्या लोकांना कशाचं काय, पण नवरा गेलेल्या बाईनं सवाष्णीचं कुंकू पुसायचं म्हणजे. मी विवेक सरांकडं बघितलं. ते मोबाइलवर काही वाचून राह्यले होते. प्राचार्यांनी विचारलं, सर, तुम्हाला विचारून केलं का हे. सर म्हणाले, मी चहाला गेल्तो.

खरंच होतं. चहालाच गेल्ते.

दोन दिवसांत अध्यक्ष घरी आले, ठणठणीत, डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी. म्हणजे मी पुसलं ते काही बाधलं न्हाई. पण तिकडं कुणाचं लक्ष न्हाई. उद्घाटनाच्या सकाळी वहिनीसाहेबांनी परत कुंकू लावलं, आता दुप्पट, वर अक्षता पण जास्त. मी दारातून म्हणलं, वहिनीसाहेब, लावा, पण दोन्ही पात्यांना लावा, मी तोलून सारखं करून देते, कुंकू पण राहील अन् यंत्र पण उडेल. त्या जराशा थांबल्या. मला वाटलं ऐकतात. तेवढ्यात बाबूराव म्हणाले, आता देवाला पण तुम्ही तराजूत घालणार का मावशी, अन् जरा लांबच उभ्या राहा. सर रिमोट हातात घेऊन उभे होते. ते एक शब्द बोलले असते, एकच, बाई बराबर म्हणतात. तेवढ्यानं काम झालं असतं.

मांडवात साहेब आले, फेटे, ढोल, भाषणं, अध्यक्षांनी साहेबांना आधुनिक विज्ञानाचे शिल्पकार म्हणलं. मंग घोषणा झाली अन् हेलिकॉप्टर वर गेलं. माणसाच्या उंचीपर्यंत गेलं, थरथरलं, शेपूट फिरलं, गोल गोल फिरत थेट स्टेजकडं. साहेबांच्या गार्डनं झडप घालून ते खाली पाडलं अन् वरून बुटाचा पाय दिला. पाकळ्या पडल्या, पण गार्डच्या अंगावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच असतं. मी मागं उभी होते, दोन्ही हात पाठीमागं धरून. मला आनंद झाला न्हाई, ताई. मी ते नीट केलं होतं.

मंग मला नोटीस. खुलासा करा. बाबूरावांनी खुलासा टाइप करूनच आणला होता, पात्यास माझ्या निष्काळजीपणामुळे इजा झाली, क्षमा असावी. म्हणाले, सही करा मावशी, विषय संपला, दोन वर्षं गप राहा. सर पण घरी आल्ते, ओट्यावर बसले, म्हणाले, मावशी, सही करून टाका, मला प्रोबेशन आहे, लहान लेकरू आहे. मी चहा केला. म्हणलं, प्या सर, चहा प्या. त्यांनी कप उचलला न्हाई.

सही केली असती तर आज मी माझ्या प्रयोगशाळेत असते. पण ते पातं मी मोजलं होतं. माझ्या हातानं मोजलेलं खोटं आहे असं मी लिहून कसं देऊ, बाप मापाडी माझा. मी त्या कागदावर उलट्या बाजूनं लिहिलं, कुंकवाचं पातं तीनशे मिलिग्राम जास्त, कारण एकाच बाजूला लेप, पुसल्यावर बराबर, परत लावल्यावर पडलं. खाली सही. शुद्धलेखन कसं होतं कोण जाणे.

पंधरा दिवसांत बदली, वाटूरला, संस्थेच्या शाळेत. जाफराबाद वर, वाटूर खाली, जिल्ह्याची दोन टोकं. जीपनं जालना, तिथून बस, रोजचं जमणारं न्हवतं. सासूबाईला नणंदेकडं ठेवलं. ती तिथं तीन महिने जगली. म्हणायची म्हणे, कमल दुपारची अजून आली न्हाई का. मी शनिवारी जायचे अन् ती मंगळवारी गेली.

इथं वाटूरला खोली आहे, शाळा चौफुलीवर, दिवसभर गाड्यांचा आवाज. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली हरवलीय. मी घंटा वाजवते, पाणी भरते, रिटायरमेंटला आठ महिने बाकी आहेत.

मागच्या आठवड्यात विवेक सरांचा फोन आल्ता. प्रोबेशन संपलं त्यांचं, कायम झाले. म्हणाले, मावशी, कशा आहात. म्हणलं, बरी आहे. म्हणाले, मावशी, वजनाच्या पेटीतलं शंभर मिलिग्रामचं सापडून न्हाई राह्यलं. मी म्हणलं, चिमट्याच्या खाचेत बघा, तिथं सरकतं ते, कोपरा वाकलाय त्याचा, हातानं धरू नका. सापडलं, म्हणाले. मंग म्हणाले, नवीन हेलिकॉप्टर आणलंय, अध्यक्षांच्या वाढदिवसाला. तेही थरथरतंय.

मी विचारलं, पूजा झाली का.

म्हणाले, झाली.

मी म्हणलं, सर, पुसू नका. कुणाच्या जिवाला घोर नको. दुसऱ्या पात्याला तेवढंच लावा, तराजूत घालून, काटा थांबेपर्यंत हात लावू नका. अध्यक्षसाहेबांना शंभर वर्षं जगू द्या, वहिनीसाहेबांचं कुंकू राहू द्या, तुमचं लेकरू मोठं होऊ द्या. फक्त लावायच्या वेळेला चहाला जाऊ नका.

ते म्हणाले, हो मावशी. फोन ठेवला. उडालं का न्हाई ते काही कळवलं न्हाई त्यांनी. उडालंच असेल. नीट मोजलं असेल तर.